हरिबांचं उत्तर आलं नाही

माणसाचं मन ओळखण्यात आपला हात कुणी धरणार नाही, अशी माझी पक्की समजूत होती. शिरूरला रविवारची उपासना संपली की मी चर्चच्या दारात उभा राहायचो आणि नुसत्या चालीवरून सांगायचो, कोण सासूशी भांडून आलंय आणि कुणाचं पोट बिघडलंय. म्हणून दोन हजार आठ साली पुण्याच्या एका संशोधन संस्थेनं शिरूर-दौंड भागात हिंडायला माणूस शोधला, तेव्हा मुलाखतीत मी मॅडमना बेधडक सांगितलं, "तुमचा कॉम्प्युटर आणि मी, दोघांना सोडा गावात. बघू कोण आधी ओळखतो."

मॅडम मनोविकारतज्ज्ञ होत्या. त्या हसल्या आणि त्यांनी मला नोकरी दिली. त्या वर्षात मॅडम हसल्या त्या तेवढ्याच.

संशोधन असं होतं. गावोगाव मोबाइल पोचले होते. पुण्यातला कॉम्प्युटर रोज संध्याकाळी आमच्या यादीतल्या माणसांना आपोआप फोन लावणार. रेकॉर्ड केलेला आवाज विचारणार, आज मन कसं आहे? चांगलं असेल तर एक दाबा, ठीकठाक असेल तर दोन, उदास असेल तर तीन. कुणी आठवडाभर उत्तरच दिलं नाही, तर पुण्याच्या पडद्यावर त्याचं नाव लाल होणार आणि मी गाडीला किक मारून त्याच्या दारात हजर होणार. घरच्यांच्या लक्षात यायच्या आधी फोनला माणसाचं दुःख कळतं का, हे मॅडमना बघायचं होतं.

पहिल्या महिन्यातच घोटाळा झाला. आवाज पुण्याच्या एका निवेदिकेचा होता. तिनं "आपली मनःस्थिती" म्हटलं की लोक "नको, आमाला नवा प्लॅन नको" म्हणून फोन ठेवून द्यायचे. मॅडम वैतागल्या. मी म्हटलं, "मॅडम, आवाज घरचा पाहिजे. आमची ब्लेसी आहे की."

ब्लेसी म्हणजे माझी बायको. चर्चच्या गायनगटात ती पहिल्या ओळीत असते आणि तिनं नुसतं "बसा" म्हटलं तरी माणसाला चहा प्यायल्यासारखं वाटतं. आम्ही पुण्याला गेलो. मॅडमनी तिला काचेच्या खोलीत बसवलं आणि सांगितलं, "मायेनं विचारा." तिनं इतक्या मायेनं विचारलं की काचेबाहेर उभा असलेला मी आपोआप म्हणालो, "बरं आहे." लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण हा आवाज मी घरात ऐकला नव्हता.

एक दुरुस्तीही मीच सुचवली. उत्तर मिळालं नाही तर आवाज म्हणायचा, "कृपया पुन्हा बटन दाबा." मी म्हटलं, हे कानाला हुकूम दिल्यासारखं लागतं. त्याऐवजी ब्लेसीला म्हणू दे, "मला आपलं उत्तर समजलं नाही. पुन्हा सांगा ना." मॅडमना ते फार आवडलं.

नवा आवाज सुरू झाला आणि आमच्या भागात एकही माणूस फोन ठेवेना. मी खूश. मॅडम खूश. खूश नव्हत्या त्या भांडगावच्या बायका.

भांडगाव म्हणजे सोलापूर हायवेवरचं गाव. तिथल्या अनसाबाईंनी मला एसटीच्या थांब्यावरच गाठलं. त्यांच्या नवऱ्याला रोज दिवेलागणीला एक बाई फोन करते, तो फोन घेऊन गोठ्यामागं जातो आणि परत येतो तो गालातल्या गालात हसत, अशी तक्रार होती.

"एक दिस मीच उचलला फोन," अनसाबाई म्हणाल्या. "चांगली सोलून काढली तिला. तर म्हनती कशी, मला आपलं उत्तर समजलं न्हाई, पुन्हा सांगा ना. मग म्यां पुन्हा सांगितलं. सगळं. पयल्यापासनं."

"अहो, ती बाईच नाही," मी समजावलं. "यंत्र आहे ते."

"यंत्राला एवढी माया कुठली?"

"तिथं कॉम्प्युटर आहे, मावशी. अशी कुणी बाई या जगात नाही. मी शपथ घेतो."

खरंतर सांगायला काय हरकत होती? पण शिरूरच्या गिदोनची बायको रोज संध्याकाळी परक्या पुरुषांना फोन करते, हे वाक्य मला थांब्यावर उभं राहून बोलवेना. अनसाबाई गेल्या, पण मागं वळून बघत गेल्या.

त्यानंतर मॅडमचा काळजीचा फोन आला. भांडगावात लोक धडाधड तीन दाबत होते. अख्खं गाव उदास. इतर गावांत असं नव्हतं. त्यांनी तज्ज्ञांची बैठक बोलावली, संशोधनाला पैसे देणाऱ्या दिल्लीच्या खात्याला कळवलं आणि मला विचारलं, "तिथं काही आपत्ती आली होती का?" मी गावात जाऊन आलो. पारावर पत्ते चालले होते, कुणाच्या तरी बारशाची जिलेबी चालली होती. चेहऱ्यावरून एकही माणूस उदास दिसेना. माझा स्वतःवरचा विश्वास तेव्हा पहिल्यांदा डळमळला. म्हटलं, हे लोक दुःख किती आत दाबून ठेवतात.

त्या उदास मंडळींतले पहिले होते हरिबा. रेल्वेत गँगमन होते, दौंड जंक्शनच्या रुळांवर आयुष्य गेलं. निवृत्त होऊन भांडगावला आले आणि दोन वर्षांत बायको गेली. मुलगी रतनबाई दौंडला दिली होती. मळ्यातल्या खोलीत हरिबा एकटेच. नाव नोंदवायला गेलो होतो तेव्हा ते माझ्याशी मोजून चार शब्द बोलले होते. आणि नवा आवाज सुरू झाल्यापासून, पहिले दोन-तीन दिवस सोडले तर, त्यांचं उत्तर तीन. रोज तीन.

मग एका रविवारी, उपासना संपवून मी आणि ब्लेसी बाहेर पडत होतो, तोच मॅडमचा फोन.

"गिदोन, हरिबांचं नाव लाल झालंय. आठवडाभर एकही बटन दाबलेलं नाही. एकटे राहतात, महिनाभर सगळी उत्तरं तीन, आणि आता एकदम शांत. याचा अर्थ तुम्हाला कळतोय ना?"

मला कळला. प्रशिक्षणात त्यांनी तेच शिकवलं होतं. माझ्या हातातलं गीतांचं पुस्तक खाली पडलं.

हरिबांना फोन लावला. वाजत राहिला, कुणी घेतला नाही. परत लावला. तसाच. मग दौंडला रतनबाईंचा नंबर लावला. उचलला शेजारच्या सोजराबाईंनी. रतनबाई धुणं वाळत घालायला गच्चीवर गेल्या होत्या. मी ठरवलं होतं की घाबरवायचं नाही, अगदी शांतपणे विचारायचं.

"रतनबाईंना सांगा, भांडगावहून वडलांचं काही कळलंय का? ते उत्तर देत नाहीयेत."

"उत्तर देत न्हाईत म्हंजी?"

"म्हणजे आम्ही विचारतोय, पण ते काहीच बोलत नाहीत."

"कवापासनं?"

"आठवडा झाला."

 पलीकडं फोन फरशीवर आपटल्याचा आवाज, आणि मग असा हंबरडा की शेजारी उभ्या ब्लेसीलाही तो ऐकू गेला.

"काय सांगितलंत तुम्ही?" ब्लेसीनं विचारलं.

"खरं तेच सांगितलं," मी म्हणालो, आणि मी काय सांगून बसलो ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. परत फोन लावला तर तो बंद.

मग भांडगावच्या किराणा दुकानदाराला, आण्णांना फोन केला. म्हटलं, जरा मळ्यात डोकावून या, पण गवगवा करू नका. मी गाडी काढली. ब्लेसी मागं बसली. मी म्हटलं, तू कशाला, तर म्हणाली, "किल्ली न लावता किक मारताय." मी किल्ली लावली.

न्हावऱ्याच्या पुढं आण्णांचा फोन आला. त्यांचा आवाज बसला होता.

"गिदोनराव, खोलीला भाईरनं कडी हाय. फोन आत वाजतुया. आन् चपला हिरीच्या काठाला."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.  महिनाभर रोज तो माणूस तीन सांगत होता आणि मी पारावर पत्ते बघून परत येत होतो. मला वाटलं, आपण जे ओळखायला निघालो होतो ते आपल्या डोळ्यासमोर विहिरीत गेलं.

"चला," ब्लेसी म्हणाली. "अजून कुणी बघितलेलं नाही. चला लवकर."

पारगावचा पूल, चौफुला, मग हायवे, काहीच आठवत नाही. भांडगावच्या मळ्यात पोचलो तर गवगवा न करण्याचं काम आण्णांनी चोख बजावलं होतं. फक्त गाव तेवढं जमलं होतं. विहिरीत दोन पोहणारे उतरले होते आणि तळाला बुड्या मारत होते. पाणी उपसायला मोटर सुरू केली होती आणि ते पाणी भसाभसा उसात चाललं होतं. काठावर चपलांची जोडी होती. तिला कुणी हात लावत नव्हतं.

मी विहिरीत डोकावलो. पोहणारा वर आला, त्यानं मान हलवली आणि परत खाली गेला. 

एवढ्यात दौंडचा टेम्पो आला. त्यातून रतनबाई, सोजराबाई आणि सगळी आळी उतरली. रतनबाई पळतच विहिरीकडं निघाल्या, बायकांनी त्यांना धरलं. "आठ दिस कुनाला कळलं न्हाई गं," असं म्हणत त्या मातीत बसल्या. ते ऐकून आण्णा चमकले. "आठ दिस कसं? परवा त्यांनी माझ्याकडनं तंबाखू नेली," ते मला म्हणाले. पण त्या रडण्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही आणि मलाही त्याचा अर्थ लागला नाही.

मग माझ्या मागं कुणीतरी गर्दीतून वाट काढत आलं. अनवाणी, गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर खोरं. मी वळून बघितलं नाही, कारण माझी नजर पाण्यावर होती. मी नुसता हात आडवा केला आणि म्हटलं, "मागं सरका. काठावर गर्दी नको."

तो माणूस सरकला. त्यानं मातीत बसलेल्या रतनबाईकडं बघितलं, विहिरीकडं बघितलं, आणि त्याच्या हातातलं खोरं गळून पडलं. लेक रडतेय, म्हणजे नातू पडला असणार नाहीतर जावई, एवढंच त्याच्या मनात आलं, हे त्यानं नंतर सांगितलं. 

ब्लेसीचं त्याच्याकडं लक्ष गेलं. तिनं त्याला कधी बघितलेलं नव्हतं. तिला एक म्हातारा कोसळताना दिसला, तिनं त्याला धरून बांधावर बसवलं आणि त्याच्याजवळ वाकून विचारलं, "बाबा, काय होतंय? मला सांगा ना."

म्हाताऱ्यानं मान वर केली. डोळे मोठे झाले.

"तीन," तो म्हणाला.

मी वळलो.

मला आधी चिखल दिसला, मग पांढऱ्या मिशा, मग हरिबा. मी ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज आला तो रतनबाईंचा. त्यांनी बापाला बघितलं आणि अशी किंकाळी फोडली की विहिरीतले दोघं पोहणारे शिडी चढून वर आले. बायका चार पावलं मागं सरल्या. कुणीतरी हात जोडले. सोजराबाई टेम्पोत जाऊन बसल्या.

"आबा?" रतनबाई म्हणाल्या.

"नातू कुठाय?" हरिबा म्हणाले.

"घरी हाय. झोपलाय."

"मग हिरीत कोन पडलंय?"

 शेवटी आण्णा खाकरले. "तुमीच पडला हुता, हरिबा."

हरिबांनी उठून विहिरीत एकदा वाकून बघितलं. मग म्हणाले, "मी पाटाच्या पान्याची पाळी म्हून पलीकडच्या वावराला पानी द्यायला दारं धरत हुतो. चपला चिखलात कशाला, म्हून हितं काढल्या. आन् माझी मोटर कुनी चालू केली? समदा ऊस बुडला की."

रतनबाईंनी बापाच्या पाठीत एक गुद्दा घातला, मग त्याच पाठीला मिठी मारली.  मी चपलांच्या शेजारी बसलो.

पण हरिबांचं लक्ष अजून ब्लेसीकडं होतं. "बाई, तुमी पुन्यावरनं आलात व्हय? रोज म्हनता उद्या पुन्हा फोन करीन, पर अशा दारात याल असं न्हवतं वाटलं."

ब्लेसी माझ्याकडं बघत राहिली. मी धीर गोळा करून विचारलं, "आबा, तुम्ही आठवडाभर बटन का दाबलं नाहीत?"

"बटन कशाला? ह्या म्हनतात, पुन्हा सांगा ना. म्हून मी सांगतुया. तोंडानं. मी बोलतो, त्या म्हनतात समजलं न्हाई, मी परत सांगतो. मग फोन बंद पडतो. म्हनलं, उद्या सांगू ऱ्हायलेलं."

"आणि त्याआधी रोज तीन?"

"एक दाबलं की धन्यवाद म्हनून ठिवून देतात. दोन दाबलं तरी तसंच. तीन दाबलं की मग बोलतात चांगलं. तुमी एकटे न्हाई, पानी प्या, सावलीत बसा, उद्या पुन्हा फोन करीन. समद्या गावाला ठावं हाय. समदी तीनच दाबत्यात."

मी गर्दीवरून नजर फिरवली. गावातली कर्ती माणसं एकाएकी आभाळाकडं, उसाकडं, विहिरीच्या कठड्याकडं बघायला लागली. अनसाबाईंचा नवरा टेम्पोमागं सरकला.

आणि त्याच टेम्पोमागून अनसाबाई पुढं आल्या. त्या ब्लेसीसमोर उभ्या राहिल्या, कान तिच्याकडं केला आणि म्हणाल्या, "जरा बोला बघू."

"काय बोलू, मावशी?" ब्लेसी म्हणाली.

"हीच ती," अनसाबाईंनी सगळ्यांना सांगितलं. मग माझ्याकडं वळल्या. "अशी बाई जगात न्हाई म्हून शपथ घेतली हुती न्हवं?"

"मावशी, ही माझी बायको आहे."



"सोताच्या बायकूला," अनसाबाई एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "गावच्या बाप्यांना फोन करायला लावतुस?"

मग मी सगळं समजावलं. काचेची खोली, रेकॉर्डिंग, पुण्याचा कॉम्प्युटर. ब्लेसी रोज संध्याकाळी घरात भाकरी करत असते, तिला यातलं कुणी ऐकू येत नाही. बायकांना ते पटत गेलं. हरिबांचा चेहरा मात्र बदलत गेला.

"म्हंजी मी एवढं बोललो," ते म्हणाले, "ते कुनीच ऐकलं न्हाई?"

ब्लेसी त्यांच्याजवळ बसली. "नाही, आबा."

"काय बोलत हुता तुमी?" रतनबाईंनी विचारलं.

"काय न्हाई. तुझ्या आईनं लावल्याला शेवगा. औंदा शेंगाच धरंना. पान्यानं गेला का किडीनं, कळत न्हाई. तिला बराबर कळायचं."

"मला का न्हाई सांगितलं? मी पंधरा दिसाला फोन करते की."

"करती. जेवला का, गोळी घेतली का, बरं ठिवते. तीन कुठं दाबायचं, त्ये तुझ्या फोनात गावत न्हाई."

 रतनबाई बापाच्या पायाचा चिखल हातानं पुसत बसल्या. मग उठल्या आणि म्हणाल्या, "दावा मला शेवगा." दोघं झाडाकडं गेले. अनसाबाईंनी ब्लेसीचा हात धरला आणि तिला ओट्यावर नेलं. थोड्या वेळानं मी बघितलं तर ब्लेसीभोवती बायकांचं कडं पडलं होतं आणि अनसाबाई सांगत होत्या, "बाप्यांना इचारता, आमाला का न्हाई इचारत? माझं मन सांगू का कसं हाय?" ऊन कलेपर्यंत त्या सांगत होत्या. यंत्रासारखं कुणी त्यांना "उत्तर समजलं नाही" म्हटलं नाही.

परत निघालो. मागं ब्लेसी, दोघांच्या मध्ये अनसाबाईंनी दिलेली वांग्यांची पिशवी. चौफुल्याच्या पुढं मॅडमचा फोन आला. मी गाडी बाजूला घेऊन उभ्या उभ्या सगळं सांगितलं. हरिबा सुखरूप आहेत म्हटल्यावर त्यांनी मोठा श्वास सोडला. मग तीनचा उलगडा सांगितला. 

"म्हणजे भांडगाव उदास नाहीये," त्या म्हणाल्या.

"नाही, मॅडम. त्यांना आवाज आवडला होता."

"मी दिल्लीला कळवलंय, गिदोन."

 मग त्यांचा आवाज मऊ झाला. "जाऊ दे. आज फार वाईट दिवस गेला तुमचा. तुम्ही स्वतः ठीक आहात ना?"

हे मला त्या दिवसात कुणी विचारलं नव्हतं. माझा बांधच फुटला. मी सांगितलं की विहिरीत डोकावलो तेव्हा माझ्या डोळ्यापुढं अंधारी आली होती. सांगितलं की मला माणसाचं मन वगैरे काही ओळखता येत नाही, चर्चच्या दारात मी अंदाजपंचे ठोकतो आणि लोक भिडेखातर हो म्हणतात. नोकरी लागल्यापासून मला धड झोप नाही, कोण कुठं लाल होईल याची स्वप्नं पडतात, आणि काचेच्या खोलीतला तो आवाज ऐकल्यापासून मला माझ्याच यादीतल्या लोकांचा हेवा वाटतो, हेही सांगितलं. डोळे पुसले. ट्रक धुरळा उडवत जात होते. मोकळं वाटलं. मी थांबून मॅडमच्या उत्तराची वाट बघितली.

मॅडम काही बोलेनात. फोन कानावरून काढून बघितला. बॅटरी संपून तो केव्हाच बंद पडला होता.

मागं वळलो. ब्लेसी वांग्यांची पिशवी मांडीवर घेऊन माझ्याकडं बघत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. आता ती काहीतरी मायेचं बोलेल म्हणून मी तसाच उभा राहिलो.

"झालं सांगून?" ती म्हणाली. "मग निघा. माझ्या पायाला मुंग्या आल्यात."